उत्तम शिगवणच्या मेंदूची हजेरी

उत्तम हरिश्चंद्र शिगवण जून २००७ ते मे २००८ या वर्षात अकरा दिवस कामावर आला, असं त्याच्या संस्थेचं रेकॉर्ड सांगतं. ते अकरा दिवस कोणते, हेही रेकॉर्डमध्ये आहे. बाकीच्या दिवशी कॉलेजचं गेट कोणी उघडलं, गच्चीवरची टाकी कोणी भरली आणि प्राचार्यांच्या टेबलावरचा पेला कोणी विसळला, याबद्दल मात्र रेकॉर्ड गप्प आहे.

कॉलेज इंजिनिअरिंगचं. घोडबंदर गावाच्या अलीकडे, हायवेपासून आत. उत्तम तिथे २००२ साली शिपाई म्हणून लागला. नेमणूक तात्पुरती. दर सहा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि मग पुन्हा नवी ऑर्डर. खंडाच्या दिवशीही तो यायचा, कारण टाकीला खंड माहीत नव्हता.

त्याआधीची चौदा वर्षं त्याने भाईंदर पूर्वेच्या पॉलिशच्या गाळ्यांत काढली होती. गुहागर तालुक्यातल्या गावाहून आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाप लहानपणीच गेलेला. वाढवलं चुलत्याने, धर्माजीने. धर्माजीला मूलबाळ नव्हतं. त्यानेच ओळखीच्या माणसाला चिठ्ठी देऊन पोराला गाळ्यात चिकटवलं. काम सोपं होतं. फिरत्या चाकावर स्टीलचं ताट दाबून धरायचं, त्यात तोंड दिसेपर्यंत. चौदा वर्षांत किती ताटं झाली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. चकाकी ताटांवर चढत गेली आणि उत्तमच्या अंगठ्यांवरच्या रेषा उतरत गेल्या. ताटं लोकांच्या मांडणीत जाऊन बसली. अंगठे त्याच्याकडेच राहिले, गुळगुळीत.

अंगठ्यांना रेषा नाहीत, याने त्याचं काही अडलं नव्हतं. सहीपुरतं लिहिता येत होतं. किंबहुना सहीच्या बरंच पुढचंही येत होतं. सातवी पास होता आणि हाती येणारा प्रत्येक कागद वाचायची त्याला सवय होती. शिपायाच्या हातात कागद देताना लोक तो झाकत नाहीत. शिपायाला वाचता येतं हे त्यांच्या ध्यानातच नसतं.

जून २००७ मध्ये संस्थेने हजेरीचं यंत्र आणलं. भिंतीवर डबा, डब्याला काच. काचेवर अंगठा टेकवायचा. ओळख पटली की हिरवा दिवा आणि इंग्रजीत आभार. नाही पटली की लाल दिवा आणि यंत्रातली बाई म्हणायची, 'प्लीज ट्राय अगेन'. उत्तमला ती हे वाक्य दिवसातून वीस-वीस वेळा म्हणाली.

"जा रे उत्तम, बाई परत बोलावतेय," असं विठू म्हणायचा. विठू दुसरा शिपाई, भाईंदरच्या गोडदेवचा मूळ गाववाला. "एवढ्या प्रेमानं माझी बायको पन बोलवत न्हाय."

उपाय सगळे झाले. अंगठा कपाळावर घासून लावून पाहिला, लिंबू चोळून पाहिला, पावडर लावून पाहिली. यंत्राने अकरा वेळा त्याला ओळखलं, ते का, हे कोणालाच सांगता आलं नाही. सहीचं जुनं रजिस्टर एका परिपत्रकाने बंद झालं होतं. एकाच माणसाच्या दोन हजेऱ्या झाल्या तर त्यात विसंगती येऊ शकते, असं परिपत्रकात म्हटलं होतं. ते परिपत्रक सगळ्या विभागांत उत्तमनेच फिरवलं.

मग संस्थेने ठरवलं की तात्पुरत्या लोकांची एक शेवटची यादी कायम करायची. ३१ मार्च २००९ पर्यंत जे यादीत येतील ते आले, त्यानंतर शिपाई कंत्राटदार पुरवील. अट एकच, यंत्रावर पूर्ण वर्षाची हजेरी; वर्ष कोणतंही चालेल आणि दीडशे दिवस भरले की ते पूर्ण धरायचं. म्हणजे उत्तमचा प्रश्न असा होता की तो आहे की नाही, हे मार्चच्या आत ठरायला हवं होतं.

तो रजिस्ट्रारना भेटला. रजिस्ट्रार शशिकांत मोहिले हे दादरची जागा विकून मीरा रोडच्या पूनम सागरला आलेले गृहस्थ. सरळ, अचूक आणि कागदाला देव मानणारे.

"साहेब, तुम्ही मला रोज बघता."

"बघतो की. सव्वानऊला तूच माझ्या केबिनचं दार उघडतोस."

"मग?"

"मग काय? मी बघतो हे कुठे लिहिलेलं आहे?" मोहिल्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, खराखुरा खेद होता. "उत्तम, तू कायम व्हावास असं मलाही वाटतं. पण माझ्या वाटण्याला जावक क्रमांक नसतो."

या टप्प्यावर प्राध्यापक निकेत आठल्ये यांचा प्रवेश होतो. आठल्ये तिशीचे, इलेक्ट्रॉनिक्स विभागात. त्यांना पीएचडी करायची होती आणि विषय होता मेंदूच्या लहरींवरून माणूस ओळखण्याचा. बंद पडलेल्या एका नर्सिंग होमचं ईईजीचं यंत्र त्यांनी मिळवलं होतं. डोक्याला सोळा बटणं चिकटवायची, प्रत्येक बटणाला एक वायर, सगळ्या वायरी एका पेटीत आणि पेटी कॉम्प्युटरला. माणसाने डोळे मिटून एक मिनिट एकच ठरावीक गोष्ट मनात आणायची. हा झाला मनातला पासवर्ड. कॉम्प्युटर लहरी तपासतो आणि सांगतो, हा अमुक किंवा हा अमुक नाही.

"अंगठा झिजतो, उत्तम. मेंदू झिजत नाही," आठल्ये म्हणाले.

संस्थेत वीस-वीस वर्षं काढलेली माणसं तिथेच उभी होती. त्यांनी यावर मत दिलं नाही.

आठल्यांना रोज ठरलेल्या वेळी न चुकता येऊन बसणारी माणसं हवी होती. विद्यार्थी दोन दिवस यायचे, तिसऱ्या दिवशी त्यांना सबमिशन आठवायचं. उत्तम रोज असायचाच. शिवाय प्रत्येक तपासणीची तारीख आणि वेळ कॉम्प्युटर आपोआप नोंदवून ठेवत होता. आठल्यांनी मोहिल्यांना विचारलं, की ही पद्धत संस्थेने मान्य केली तर ही नोंद उत्तमची हजेरी म्हणून धरता येईल का? मोहिल्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, विश्वस्तांच्या सभेने ठराव केला तर येईल. यंत्र कोणतं, अंगठ्याचं की डोक्याचं, असं अटीत म्हटलेलं नाही.

अशा रीतीने जून २००८ पासून उत्तम रोज सकाळी साडेनऊला डोक्याला सोळा वायरी लावून आठल्यांच्या लॅबमध्ये बसू लागला. आठल्यांच्या वहीत त्याचं नाव होतं 'सब्जेक्ट क्रमांक ७'.

"उत्तमशेट, तुला मेंदू हाय हे तरी कागदावर आलं," विठू म्हणाला. "आमचा तर कोनी तपासला पन न्हाय."

"तू ये ना बसायला."

"नको बाबा. निघाला न्हाय तर?"

सूचना छापील होत्या. त्यातली तिसरी अशी, की डोकं शांपूने धुऊन यावं, केसांना तेल नसावं. आठल्ये रोज विचारायचे, "डोकं धुतलं?" उत्तम म्हणायचा, "धुतलं सर." ते खरं होतं. गोडदेवच्या खोलीतून निघण्याआधी तो एक रुपयाची शांपूची पुडी फोडून डोकं धुवायचा. त्यानंतर त्याची बायको सुचेता त्याच्या टाळूवर खोबरेल तेल घालायची, नेहमीसारखं.

हेही सांगायला हवं की यात लबाडी काही नव्हती. त्यांच्याकडे कोरड्या डोक्याने घराबाहेर पडायचे दिवस ठरलेले असतात. घरात किंवा भावकीत कोणी गेलं की सुतक असेपर्यंत डोक्याला तेल लागत नाही. एरवी धडधाकट माणसाने कोरडं डोकं घेऊन फिरणं म्हणजे कोणाच्या तरी मरणाची वाट बघणं. उत्तमने सुचेताला एकदाच सांगून पाहिलं होतं.

"सर म्हणतात तेल नको."

"सरांचं कोण गेलंय?"

"कोणी नाही गेलं. मशीनला चालत नाही."

"मशीनला चालत नाही म्हणून आम्ही गावाकडच्या म्हाताऱ्यावर अवदसा आणायची?" धर्माजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. "धुतलंय ना? मग सरांचं झालं. आता हे माझं."

उत्तमला ही वाटणी पटली. तेलाचा हात केसांत जिरल्यावर दिसायचा नाही, आणि आठल्ये बटणं लावताना स्वतःच एक पांढरी चिकट पेस्ट थापायचे. त्या पेस्टपुढे तेल कोणाला कळणार?

आठल्यांच्या कॉम्प्युटरला कळलं, पण त्याने ते तेल म्हणून ओळखलं नाही. तेलामुळे बटण कातडीला नीट भिडत नाही. मग आतल्या लहरी पुसट येतात आणि बाहेरचीच भुणभुण जास्त येते. भिंतीतल्या विजेची, ट्यूबलाइटची, पंख्याची. इतर लोकांच्या लहरी रोज थोड्या वेगळ्या यायच्या, कारण ती माणसं होती. उत्तमची रेघ रोज तशीच यायची. विद्यार्थ्यांना यंत्र शंभरात सत्तर वेळा ओळखत होतं, उत्तमला अठ्ठ्याण्णव वेळा.

आठल्ये भारावले. त्यांनी या निकालामागची कारणं शोधायला सुरुवात केली आणि शोधणाऱ्याला ती सापडतातच. मार्गदर्शकांना पाठवलेल्या टिपणात त्यांनी लिहिलं, की सब्जेक्ट ७ च्या मनाची स्थिरता असामान्य आहे. शारीरिक कष्टांत गेलेलं आयुष्य, गरजा कमी, शिवाय कोकणच्या मातीतली समाधानी वृत्ती.

"उत्तम, तू मनात नक्की काय आणतोस?" त्यांनी एकदा विचारलं. "सांगायचं नसेल तर राहू दे. पासवर्ड आहे तो."

"काही खास नाही, सर."

"तेच! तेच मला म्हणायचंय."

उत्तम त्या एका मिनिटात पंपाचा विचार करायचा. नऊ वाजता पंप लावून तो लॅबमध्ये येत असे आणि टाकी पावणेदहाला वाहू लागे. विचार स्थिर होता, यात शंका नाही.

आठ महिन्यांत एकशे शहात्तर दिवसांची नोंद झाली. सभा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी ठरली. आधी प्रात्यक्षिक, मग पद्धतीला मान्यता, मग कायम करायच्या लोकांची यादी, असा क्रम मोहिल्यांनी स्वतः लावला. यादीत शेवटचं नाव पेन्सिलीने लिहिलं होतं.

जानेवारी संपता संपता गावाहून फोन आला, धर्माजी गेला. उत्तमने रजेचा अर्ज दिला, आठल्यांना सांगितलं आणि गाडी पकडली. पोर म्हणून तोच होता, तेव्हा अग्नी त्याने दिला, दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवली, बाराव्या दिवशी भावकी जेवली. निघताना शेजारच्या राघोने विचारलं, "दोन दिस ऱ्हातोस ना? घर आवरूचा हाय."

"शनिवारी सभा आहे."

"तुझी सभा?"

"माझीच म्हण."

शनिवारी सकाळी तो एसटीने घोडबंदरला उतरला आणि घरी न जाता पिशवीसकट थेट कॉलेजात आला. गेटवर वॉचमनने त्याला अडवून "किससे मिलना है?" असं विचारलं. मग ओळखून सॉरी म्हणाला.

आठल्यांनी त्याचं तुळतुळीत डोकं पाहिलं, आधी दुखवट्याचे दोन शब्द बोलले आणि मग त्यांना राहवलं नाही. "खरं सांगू का, उत्तम? आपल्या दृष्टीने हे फारच चांगलं झालं. केस मध्ये येणार नाहीत. आजच्याइतका स्वच्छ सिग्नल आपल्याला कधीच मिळालेला नसेल."

यातलं शेवटचं वाक्य शब्दशः खरं निघालं.

सभेला अकरा विश्वस्त होते. चेअरमन बांधकामाच्या धंद्यातले, मूळचे गुजराती. मराठी चांगलं बोलायचे, घाईत असले की हिंदीत शिरायचे. अकरा वाजून दहा मिनिटांनी उत्तम खुर्चीवर बसला. आठल्यांनी सोळा बटणं लावली. उत्तमने डोळे मिटले. मोठ्या पडद्यावर रेघा उमटल्या, छान लाटांसारख्या, वरखाली होणाऱ्या. आठल्यांनी इतक्या सुंदर रेघा त्याच्या डोक्यातून निघताना पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या.

मिनिट संपलं. पडद्यावर अक्षरं आली : ओळख पटली नाही.

"परत करा," चेअरमन म्हणाले.

परत केलं. नाही पटली. तिसऱ्यांदा केलं. नाही.

"सर, मी विचार तोच करतोय," उत्तम हळूच म्हणाला.

"प्रोफेसर, हा आपला उत्तमच आहे ना?" एका विश्वस्तांनी विचारलं.

"उत्तमच आहे, साहेब."

"मग मशीन काय म्हणतंय?"

"मशीन म्हणतंय... की नाही."

तेवढ्यात विठू चहाचा ट्रे घेऊन आत आला. विठूच्या केसांत तेल असं असायचं की उन्हात उभा राहिला तर डोळे दिपावेत. चेअरमननी त्याच्याकडे बोट केलं. "इसको बिठाओ. दुसऱ्या माणसाला पण नाही म्हणतंय का बघू. निदान एक तरी उत्तर बरोबर येईल."

"माज्या मेंदूला काय झालं तर?" विठू म्हणाला, पण बसला. बटणं त्याच्या डोक्यावरून घसरत होती, आठल्यांनी ती बोटांनी दाबून धरली. मिनिट संपलं. हिरवी चौकट आली : 'उत्तम शिगवण. स्वागत आहे.'

वर ट्यूबलाइट गुणगुणत होती.

"मी विठू हाय, साहेब," विठू घाबरून म्हणाला. "उत्तम तो. टकला. मी उत्तम न्हाय."

चेअरमन हसायला लागले आणि मग सगळ्यांनाच हसायची परवानगी मिळाल्यासारखं झालं. आठल्ये वायरी गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता त्यांनी स्वतःची बोटं हुंगली आणि खुर्चीत बसले. सभेने विषय नामंजूर केला. एकशे शहात्तर दिवसांची नोंद म्हणजे आता एकशे शहात्तर दिवसांचं खोबरेल तेल होतं. यादीतलं पेन्सिलीचं नाव मोहिल्यांनी खोडरबराने पुसलं, जपून, कागद फाटणार नाही असं.

त्या संध्याकाळी उत्तमने घरी एवढंच सांगितलं, की जमलं नाही. सुचेताने तेलाची बाटली फडताळात मागे सरकवली. सुतक फिटलं होतं तरी घालायला केस नव्हते.

मोहिल्यांचा एक गुण होता. सभेत जे झालं ते इतिवृत्तात जसंच्या तसं यायचं, लाजिरवाणं असलं तरी. सोमवारी त्यांनी इतिवृत्त लिहून काढलं. मंगळवारी ते सह्यांसाठी अकरा विश्वस्तांकडे फिरवायचं होतं. फिरवणार कोण? उत्तम. तो रिक्षाने, बसने, पायी असा मीरा रोड, भाईंदर, काशिमिरा हिंडला. पहिल्या घरी साहेब आंघोळीला गेले होते. बाहेर बाकावर बसून त्याने फाइल उघडली. विषय क्रमांक चार त्याने दोनदा वाचला :

'श्री. उत्तम हरिश्चंद्र शिगवण, शिपाई (तात्पुरते), हे स. ११.१० ते ११.४० सभागृहात सर्व सदस्यांसमक्ष हजर असताना यंत्राने त्यांची ओळख तीन वेळा नाकारली, तसेच श्री. विठू यांस श्री. शिगवण म्हणून हजर दाखवले. सबब यंत्राने दिलेला निकाल विश्वासार्ह मानता येणार नाही, असे सभेचे एकमत झाले.'

साहेब आंघोळ करून आले आणि त्यांनी न वाचता सही केली. संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. परत येताना उत्तमने त्या पानाची एक झेरॉक्स काढली.

बुधवारी त्याने अर्ज दिला. चार ओळींचा, स्वतः लिहिलेला, झेरॉक्स जोडून. मोहिल्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"हे तुला कोणी सुचवलं?"

"कोणी नाही साहेब. सह्या घेताना वाचलं."

"हे वेगळं यंत्र आहे, उत्तम. तुझी अडचण अंगठ्याच्या यंत्राची."

"हो, साहेब. हे यंत्र अकरा साहेबांसमोर मला नाही म्हणालं. ते रोज सकाळी मी एकटा असताना नाही म्हणतं. एवढाच फरक."

मोहिल्यांनी झेरॉक्स पुन्हा हातात घेतली. माणूस हजर असूनही यंत्र नाही म्हणू शकतं, हे आता नुसतं वाटणं राहिलं नव्हतं. त्यावर अकरा सह्या होत्या आणि जावक क्रमांक होता.

"चहा सांग," ते म्हणाले. "आणि दार लावून घे."

तीन आठवडे फाइल वर-खाली फिरली. दर वेळी ती नेणारा-आणणारा उत्तमच होता, त्यामुळे आपलं प्रकरण कुठवर आलंय हे त्याला विचारावं लागलं नाही. अडचण एकच उरली. अंगठ्याच्या यंत्रातली नोंद बदलता येत नव्हती. तशी सोयच नव्हती त्यात. जे दिवस गैरहजर लागले ते गैरहजर. मग मोहिल्यांनी मार्ग काढला. रेकॉर्ड खोटं ठरवायचं नाही आणि माणसालाही नाही. गैरहजर दिवस विशेष बाब म्हणून मंजूर रजेत धरावेत, म्हणजे सेवेत खंड पडत नाही आणि वर्षही पूर्ण भरतं. चेअरमननी त्यावर 'ओके' लिहिलं.

आठल्यांनी सब्जेक्ट ७ ची सगळी माहिती प्रबंधातून काढून टाकली. समाधानी वृत्तीचा परिच्छेद त्यांनी काही दिवस ठेवला होता, मग तोही काढला. ते उत्तमवर रागावले नाहीत. तेल लावत होतास का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धुतल्यावर लावायचो, सर." आठल्यांनी तिसऱ्या सूचनेत 'धुतल्यानंतरही' हा शब्द वाढवला.

ऑर्डर २७ मार्चला निघाली. उत्तमने ती घरी आणली. त्याची मुलगी रुचिता तेव्हा नववीत होती. तिने मोठ्याने वाचून दाखवली. शिपाई पदावर कायम करण्यात येत आहे. जून २००७ ते मे २००८ या कालावधीतील दोनशे चौसष्ट दिवस विशेष रजा म्हणून मंजूर करण्यात येत आहेत. सदर रजा पुढील हक्काच्या रजेतून वळती करण्यात येईल.

"वळती म्हणजे?" सुचेताने विचारलं.

"म्हणजे पुढची आठ-नऊ वर्षं बाबांना रजा नाही," रुचिता म्हणाली. ती गणितात बरी होती.

सुचेताने बोटांवर मोजलं. "म्हणजे तुम्ही त्या वर्षी नऊ महिने सुट्टीवर होतात?"

"कागदावर होतो."

"आणि मला सांगत होतात टाकी भरायला जातो."

उत्तमने ऑर्डर रुचिताच्या हातातून घेतली, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. "वरची ओळ लक्षात ठेव," तो सुचेताला म्हणाला. "खालचं सोड. सकाळी लवकर उठव मला."